पदराखालची बकरी

आमच्या आंगणवाडीच्या बाई पुस्तक कधी सरळ दाखवायच्याच न्हाईत. पानावर पदर टाकायच्या अन् एकच कोपरा वर करायच्या. शेपटी दिसली की लेकरं कालवा करायची, "वाघ! कुत्रं!" बाई म्हनायच्या, "हळू बोला, पळंल ते." लेकरं एकदम गप. मी दारात बसलेली, मीबी गप.

मी दारात काहून, तर माही नात चंदी. माही लेक तापात गेली, तवा तीन वर्साच्या चंदीला मी माह्या गावी, साखऱ्याला घेऊन आले. तवापासून लेकरू बोलतच न्हवतं. दोन उन्हाळे गेले. मी रडत बसले न्हाई, बकऱ्या कुठं थांबतेत? पन सकाळी चंदी माहा हात सोडायची न्हाई, म्हनून दारात बसायचे.

एक दिवस पदराखालून निळी बकरी निघाली. मला राहवलं न्हाई. "बाई, निळी बकरी असती का कुठं? जलम गेला माहा बकऱ्यात."

"मावशी, जगातल्या समद्या पाह्यल्या का तुमी?"

लेकरं हासली. चंदी नुस्ती बगत राहिली.

तिसऱ्या दिशी रानातून आले, तर माहं पांढरं करडू निळं! कपड्याची नीळ बादलीत कालवलेली, चंदीचे हात कोपरापसोर निळे. मी हात उगारला.

"आजे, मारू नको. हे पुस्तकातून आलं."

हात तसाच वर राहिला. दोन वर्सांनी बोलली, अन् पहिलंच बोलनं लबाडीचं.

करडू काखेत मारलं, चंदीला धरलं अन् आंगणवाडीत गेले. "घ्या तुमची बकरी. चंदी म्हनती, पुस्तकातून आली."

"चंदी म्हनती?" बाई थांबल्या. मंग म्हनल्या, "बगू बरं, पुस्तकात हाय का." तेच पान काढलं, बकरीवर बराबर पदर दाबला, झाड अन् डोंगर तेवढा दाखवला. "गेली की वो मावशी!"

लेकरं आ वासून. चंदी म्हनली, "म्या सांगितलं न्हवतं?"

बाईच्या डोळ्याला पानी आलं. पुसायला पदर उचलता येईना, खाली बकरी व्हती. तसंच वाहू दिलं.

रिटायर होऊन गेल्या, तवा ते पुस्तक माह्या हातात दिलं.

"मला वाचता येत न्हाई, बाई."

"पदर तर हाय ना?"

आता सांजच्याला गल्लीतली लेकरं माह्या वट्ट्यावर येतेत. चंदी सातवीत हाय, तोंड घडीभर बंद न्हाई. परवा मलाच म्हनती, "आजे, काहून फशिवती लेकरांला? निळी बकरी असती का कुठं?"

"समद्या पाह्यल्या का तू?" म्हनलं, अन् पदराचा कोपरा उचलला.