शेवटची पानं नसलेली कादंबरी

माझे वडील बार्शीतल्या एका वाचनालयात पुस्तकं देण्याघेण्याचं काम करायचे. फाटकी, खिळखिळी झालेली पुस्तकं तिथं अधूनमधून बाद होत आणि रद्दीत जात. वडिलांना ते बघवायचं नाही. परवानगी काढून ते ती घरी आणत, खळ लावून पानं चिकटवत आणि आईच्या जुन्या लुगड्याच्या पट्टीनं पाठ बांधून टाकत. माझं लग्न येडशीला ठरलं तेव्हा आईनं भांडी जमवली आणि वडिलांनी पत्र्याची ट्रंक भरली.

"पोरीला सासरी धाडताय का वाचनालयाची शाखा काढताय?" आई म्हणाली.

वडील हसत हसत ट्रंकेवर बसले, तेव्हा कुठं तिची कडी लागली.

बार्शी इंग्रजांच्या मुलखात आणि येडशी निजामाच्या. छोट्या गाडीनं जेवणाचा डबा सोडायच्या आत पोचावं एवढंच अंतर, पण उतरलं की राज्य वेगळं, नाणं वेगळं, शाळेतली भाषासुद्धा वेगळी. स्टेशनावर करोडगिरीचे म्हणजे जकातीचे लोक सामान उघडून बघायचे. तिथले मुख्य अंमलदार मेंदी लावलेल्या दाढीचे, आवाजानं भारी. वऱ्हाडाचं बाकी सामान त्यांनी नुसतं बघून सोडलं, पण ट्रंक उचलणाऱ्या हमालाची मान वाकडी झालेली पाहून ते थांबले.

"इस में क्या है?"

"किताबां," माझे यजमान म्हणाले. त्यांनाही ते तेवढंच माहीत होतं.

झाकण उघडलं. सरकारविरुद्ध काही छापलेलं तर नाही ना, हे त्यांना बघायचं होतं, आणि मराठी त्यांना वाचता येत नव्हतं. ते एकेक पुस्तक वर काढून विचारू लागले. यजमानांना उत्तर देता येईना. शेवटी डोक्यावरचा पदर सावरून मलाच बोलावं लागलं. बार्शीच्या बाजारात ऐकलेली हिंदुस्थानी माझ्या कामाला आली.

"ये बच्चों की कहानियाँ. ये दवाइयों का. ये समुंदर के सफर का."

"और ये?"

"ये खून का," मी म्हणाले. अंमलदारांनी भुवया चढवल्या. मी घाईनं पुढं बोलले, "झूटा खून, साहेब. आखिर में जासूस पकडता है."

अंमलदारांनी ते पुस्तक उलटसुलट करून पाहिलं आणि हसून ट्रंकेत टाकलं. "ले जाओ. दुल्हन नहीं, कुतुबखाना आया है."

कुतुबखाना म्हणजे वाचनालय. मी उंबरठ्यावरचं माप ओलांडायच्या आधीच हे नाव घरात पोचलं होतं.

घर स्टेशनाकडच्या रस्त्यावर होतं. पुढं किराणा दुकान, मागं राहायच्या खोल्या. सासऱ्यांना सगळे अप्पा म्हणत आणि सासूबाईंना अव्वा. आमच्यात तशीच रीत. दोघं एकमेकांशी कानडीत बोलत, विशेषतः मला कळू नये असं काही असलं की. अप्पा कडक. पुस्तकांची ट्रंक पाहून त्यांनी एवढंच विचारलं, "हे सगळं वाचून झाल्यावर काय करायचं असतं?"

"परत वाचायचं," मी म्हणाले. त्यांना ते पटलं नाही.

पुस्तकं मी माळ्यावर जाऊ दिली नाहीत. वडील वाचनालयात काय करायचे ते मी लहानपणापासून बघितलं होतं. माणूस आला की लगेच पुस्तक काढत नसत. आधी पाच मिनिटं गप्पा मारत आणि मग आत जात. मला वाटलं, आपल्यालाही ते सहज जमेल.

पहिल्यांदाच चुकलं. माझी नणंद तेव्हा नऊ-दहा वर्षांची होती. मराठी तिला जेमतेम जुळवून वाचता यायचं. मी तिला राजाराणीच्या गोष्टींचं चित्रांचं पुस्तक दिलं. दोन पानांत ती जांभया द्यायला लागली. "वैनी, ही राणी नुसतीच रडती," ती म्हणाली. पुस्तक तसंच पडलं. मग एकदा दुपारी बघते तर ती ट्रंकेपाशी पालथी पडून घरगुती औषधांचं पुस्तक वाचत होती. त्यात साप, विंचू आणि इंगळीच्या विषावर एक प्रकरण होतं. आमच्याकडं दगड उचलला की विंचू निघायचा, त्यामुळं हा तिच्या ओळखीचा विषय. तिनं ते प्रकरण बोट ठेवून ठेवून पाठ केलं आणि गल्लीतल्या बायांना अडवून सांगायला लागली, "डंख झाल्यावर पळायचं न्हाय. पळलं की इख वर चढतं." त्या एका प्रकरणानं तिचं वाचन सुधारलं. पुढं ती माझ्याही आधी नवीन पुस्तक पळवू लागली.

अव्वांना वाचता येत नव्हतं. मी त्यांना देवाधर्माचं वाचून दाखवायचे. रोज दुपारी धान्य निवडताना त्या ऐकायच्या, मान हलवायच्या. आठवडाभरानं म्हणाल्या, "देवाचं मला समदं पाठ हाय गं. त्यो समिंदराचा परवास म्हणत हुतीस, त्यो काढ की."

ते एका गृहस्थांनी बोटीतून केलेल्या परदेशप्रवासाचं वर्णन होतं. अव्वांनी तोपर्यंत सोनारीच्या यात्रेपलीकडं काही पाहिलं नव्हतं. पण त्यांचे प्रश्न असे की मला पान उलटायला मिळेना. बोटीवर चूल कशी पेटवतात? एवढं पाणी असून पिता येत नाही तर ते देवानं केलंच कशाला? लेखक तुफानाचं वर्णन दोन पानं करायचा आणि अव्वा म्हणायच्या, "ते ऱ्हाऊ दे. त्यानं त्या दिवशी खाल्लं काय ते बघ."

शेजारी शाळेतले उर्दूचे मास्तर राहायचे. त्यांच्या बायकोला मी खाला, म्हणजे मावशी, म्हणायचे. आमच्या आणि त्यांच्या परसात कमरेएवढी भिंत होती. मी वाचू लागले की खाला पलीकडून कान देत. एक दिवस त्यांनीही त्यांचं उर्दू पुस्तक आणलं. परी, जिन आणि हरवलेला शहजादा. त्या वाचायच्या उर्दू आणि सांगायच्या आमच्या दख्खनीत, मध्ये मराठी घालून. "अब वो जिन क्या बोल्या, सुनो. बोल्या, मला लई भूक लागली." जिन मराठीत जेवायला मागतो म्हटल्यावर अव्वा पोट धरून हसल्या. तेव्हापासून एक दिवस माझं पुस्तक, एक दिवस खालांचं, असं ठरून गेलं.

राहता राहिले अप्पा.

पावसाळ्याच्या तोंडाला माळ्यावरची गुळाची ढेप काढताना ते शिडीवरून घसरले. हाडवैद्यानं पायाला कामट्या बांधल्या आणि महिनाभर हलायचं नाही म्हणून बजावलं. दुकान यजमान बघू लागले. अप्पा मधल्या खोलीत खाटेवर पडून तिथूनच हुकूम सोडायचे. "मिरच्या उन्हात घातल्या का? कोण आलंय? त्येला डाळ पायलीनं दिली का शेरानं?" चार दिवसांत सगळं घर कावलं. अव्वा मला म्हणाल्या, "तुझ्या त्या पेटीत ह्यास्नी गप करायचं काही हाय का?"

मी विचार केला. अप्पांना माणसाचा संशय घ्यायची सवय होती. दुकानात आलेल्या नव्या गिऱ्हाइकाला ते आधी पायापासून डोक्यापर्यंत बघत. मी ते खुनाचं पुस्तक काढलं. ते मी स्वतःही अजून पहिल्या दोन पानांपलीकडं वाचलं नव्हतं; स्टेशनावर जासूस पकडतो म्हणाले तेही अंदाजानंच.

"अप्पा, हे बघता का? एका व्यापाऱ्याचं आहे."

"कशाचा व्यापार?"

"कापसाचा."

त्यांनी चष्मा मागितला.

अप्पा ओठ हलवत, पुटपुटत वाचायचे. पहिल्या दिवशी खोलीतून नुसता पुटपुटण्याचा आवाज आला. दुसऱ्या दिवशी जेवायला हाक मारली तर "थांबा" म्हणाले. दुकानातून कुणी काही विचारायला आलं की हातानंच जा म्हणायचे. गोष्ट अशी होती की मोठा कापूसव्यापारी बंद खोलीत मेलेला सापडतो आणि संशय चौघांवर असतो. पुतण्या, तरुण बायको, डॉक्टर आणि जुना मुनीम. जेवताना अप्पा आम्हाला रोजचा भाग सांगू लागले. आयुष्यात पहिल्यांदा ते जेवताना बोलत होते. त्यांनी आणि अव्वांनी कानडीत वाद घातलेला मी ऐकायचे. कानडीत खुनाला कोले म्हणतात, हे मला त्या महिन्यात कळलं.

मग एका दुपारी मोठ्यानं हाक आली.

"सूनबाई, हिकडं या."

मी पदर सावरत गेले. अप्पा उठून बसले होते. पुस्तक मांडीवर उघडं होतं. जासूस सगळ्यांना दिवाणखान्यात जमवतो, दार लावून घेतो आणि म्हणतो, खुनी याच खोलीत आहे, त्याचं नाव... आणि तिथं पान संपलं होतं. पुढं नुसती लुगड्याची पट्टी.

"नाव काय त्याचं?" अप्पांनी विचारलं.

"मला माहीत नाही, अप्पा. बाद झालेलं पुस्तक आहे. पुढची पानं गळाली असतील."

मला वाटलं, आता ट्रंक रस्त्यावर जाते. ते म्हणाले, "मग आता आमी झोपायचं कसं?"

त्या दिवसापासून घरात दुसरा विषय राहिला नाही. अप्पांचा डॉक्टरवर संशय होता, कारण तो फुकट औषध देत होता. खाला म्हणाल्या, उर्दू किश्श्यांत भतीजाच बदमाश निघतो, हाही पुतण्याच. यजमान म्हणाले, मुनीम. त्यावर अप्पा चिडले. लहान वयात ते स्वतः बार्शीच्या एका पेढीवर मुनीम होते. "मुनीम मालकाच्या मिठाला जागतो. त्यो करणार न्हाय," असं त्यांनी निक्षून सांगितलं. नणंदेनं बुटात विंचू सोडला असणार असा शोध लावला. अव्वा गहू पाखडत म्हणाल्या, "म्हातारा मेलाच न्हाय. कोण रडतंय आन् कोण हसतंय, ते बघायला सोंग घेऊन पडलाय."

पायाच्या कामट्या निघाल्या आणि अप्पांनी बार्शीला जायचं काढलं. हळदीचा भाव बघायला जातो म्हणाले. हळद घरात पोतंभर पडली होती. तिथं ते थेट माझ्या वडिलांकडं गेले. वाचनालयात त्या कादंबरीची नवी प्रत आली होती. ती वडिलांनी स्वतःच्या नावावर काढून व्याह्यांच्या हातात ठेवली.

परत येताना स्टेशनावर तेच अंमलदार उभे. कागदात बांधलेलं पुडकं बघून म्हणाले, "फिर किताब?"

अप्पांनी त्यांना बाकावर बसवलं आणि सगळी गोष्ट सांगितली. बंद खोली, चौघंजण, दिवाणखाना. अंमलदार रंगून ऐकत होते. गोष्ट तुटली तिथं ते म्हणाले, "दुल्हन ने तो कहा था, जासूस पकडता है."

"पकडता हय, पर किसको पकडता, वो पन्ना नहीं था. अब हय."

अंमलदारांनी पुडक्याची सुतळी सोडून पुस्तकाचं शेवटचं पान उघडलं. बराच वेळ बघितलं. मराठी अक्षरांत उत्तर समोर होतं आणि त्यांना वाचता येत नव्हतं. त्यांनी पुस्तक अप्पांपुढं धरलं. "पढो."

"नहीं साहेब," अप्पा म्हणाले. "घर में सब रुके हय. मैंने भी नहीं देखा."

हे खरं होतं. सबंध प्रवासात ते पुडकं मांडीवर घेऊन बसले होते आणि त्याची सुतळी सोडली नव्हती. घरी येऊन त्यांनी हे सगळं सांगितलं तेव्हा मी त्यांच्याकडं नव्यानं बघितलं. अंमलदारांनी मात्र एका अटीवर त्यांना सोडलं होतं. खुनी कोण ते त्यांना येऊन सांगायचं.

श्रावणी सोमवार जवळ आला होता. आम्ही दरवर्षी जवळच्या डोंगरातल्या रामलिंगाला जायचो. अप्पांनी ठरवलं की पुस्तक तिथंच वाचायचं. खालाही आमच्याबरोबर निघाल्या. दर्शन होईपर्यंत त्या ओढ्याकाठी झाडाखाली आमचे डबे माकडांपासून सांभाळत बसल्या. डोंगर हिरवेगार झाले होते, पाणी खळाळत होतं. आम्ही भाकरी, शेंगाची चटणी आणि खालांनी आणलेल्या गोड पुऱ्या खाल्ल्या आणि गोल करून बसलो. अप्पांनी चष्मा लावला.

ते अडखळत वाचत होते. मी वाचू का, असं विचारायचं धाडस मला झालं नाही. जासूस बोलू लागला. आधी पुतण्याला निर्दोष ठरवलं. खालांनी "या अल्ला" म्हणून कपाळाला हात लावला. मग बायको सुटली. मग डॉक्टरही सुटला आणि अप्पांचा आवाज बारीक झाला. पुढचं वाक्य त्यांनी मनात वाचलं. परत वाचलं.

"कोण हाय?" अव्वा म्हणाल्या.

अप्पांनी पुस्तक मिटलं. "मुनीम," ते म्हणाले.

यजमान हसू दाबायला ओढ्याकडं तोंड करून बसले. नणंदेनं ते दाबलं नाही. "लेखकाला दुकानदारी कळत न्हाय," अप्पा म्हणाले. "पेढीवर एक दिवस तरी बसायचं हुतं त्यानं."

"मग माझंच बरं हाय की," अव्वा म्हणाल्या. "माझ्यात कुणी मरतच न्हाय."

"सांग की मग तुझं," नणंद म्हणाली.

आणि अव्वांनी सांगितलं. डबे आवरत, पायवाटेनं उतरत, माझ्या खांद्याचा आधार घेत. म्हातारा अंगावरची चादर काढून उठतो, डॉक्टरच्या थोबाडीत देतो, मुनिमाला पेढीत भागी देतो आणि सगळ्यांना घेऊन बोटीवर बसतो. बोटीवर काय काय शिजलं, तेही त्यांनी सांगितलं. खाला मध्येच एक जिन घालू बघत होत्या. अव्वा आधी नको म्हणाल्या, मग चुलीला फुंकर घालायला त्याला ठेवून घेतलं. मुनिमाला भागी मिळाली तिथं अप्पांनी "हे बराबर" म्हणून मान हलवली.

येडशीचा सिग्नल दिसू लागला तेव्हा बाकीचे थोडे पुढं गेले होते आणि अप्पा माझ्या बाजूनं चालू लागले. पाय अजून थोडा ओढत होते.

"सूनबाई, पेटीत अजून काय हाय?"

"अप्पा, एक इतिहासावरचं आहे. लढाईचं. एक नाटक आहे, हसायचं."

"शेवट हाय का त्येला?"

"दोन्हीला आहे. मी कालच बघून ठेवलंय."

"मग हसायचं काढा," ते म्हणाले आणि अव्वांच्या गोष्टीत बोट कुठं लागली ते ऐकायला पुढं गेले.