जत्रा उठल्यावरची वणी

आमच्या मारेगावकडच्या माणसाला वणी कशी आहे म्हणून विचारा, तो आकाशपाळण्यापासून सुरू करतो. मग मौत का कुआँ, तंबूतला सिनेमा, बैलबाजार आणि गरम जिलबी. मीही तेच सांगायचो. दरसाल जत्रा भरली की मी घरातून निघायचो आणि खिसा रिकामा झाला की परत यायचो. त्यामुळे धाकट्या बहिणीला, सुमनला, वणीचं स्थळ आलं तेव्हा घरात सगळ्यांत मोठ्यानं मीच बोललो की गाव झकास आहे, डोळे मिटून हो म्हणा.

सुमन चुलीपुढे भाकरी थापत होती. म्हणाली, "भाऊ, जत्रा उठल्यावर तठी काय असते?"

मी परत जिलबीवर आलो. तिनं मधेच तोडलं.

"जत्रेत कोनी कोनाले इचारत नाई. मले बारा महिने राहा लागते. आडदिवशी जाऊन ये. अन् माय म्हनते म्हनून गोड करून सांगू नको. तू जे सांगशील त्याच्यावर मी हो का नाई म्हनीन."

आमच्या बापानं छप्पन साली नागपूरला जाऊन धम्म घेतला, घरातले देव नदीत सोडले. पण गावची विहीर काही नागपूरला गेली नव्हती. कोणी वरून पाणी ओतेल तेव्हा घागर भरायची, आणि त्यासाठी उन्हात वाट पाहायची, हे सुमननं लहानपणापासून केलेलं. सासरी तेच करायचं असेल तर तिला ते सासर नको होतं. बापानंही तिच्या शब्दाबाहेर सोयरीक करायची नाही असं ठरवलेलं. म्हणजे सगळं माझ्या डोळ्यांवर आलं, आणि माझे डोळे कामाच्या जागी फार वेळ टिकत नाहीत हे घरात सगळ्यांना ठाऊक.

पौषात निघालो. तुम्हाला जायचं असेल तर सकाळची पहिली एसटी धरा. पुढच्या गाड्या कापसाच्या बैलबंड्यांमागे अडकतात आणि धूळ खाऊनच पोट भरतं. मी पहिली धरली, पण वणीच्या अलीकडे जिनिंगपाशी बंड्यांची रांग दिसली आणि उतरलो. बैल सोडलेले, माणसं बंडीखाली आडवी झालेली, बाभळींच्या काट्यांना कापूस लागलेला. किती वेळ उभा होतो कोण जाणे. एका बंडीवाल्यानं हटकलं, "कोनाची बंडी पाहून राह्यला, पाव्हणे?"

"कोनाचीच नाई. बहिणीसाठी गाव पाहाले आलो."

"मंग गाव तिकडं हाये. हा कापूस हाये."

तिकडे निघालो, तर पाय आपोआप जत्रेच्या मैदानाकडे वळले. पाळण्याच्या खांबांचे खड्डे अर्धे बुजलेले. बकऱ्या चरत होत्या. मौत का कुआँ जिथे उभा राहतो तिथे एक बाई गोवऱ्या थापत होती. माझ्या मनातली वणी एवढ्याच जागेत मावत होती, आणि तीही इथे नव्हती. वाटलं, परत जावं आणि काहीतरी ठोकून द्यावं. पण मग म्हटलं, कबूल करून आलो, आता गल्लीगल्ली पाहिल्याशिवाय जायचं नाही.

बाजारपेठ पाहिली. भांड्यांच्या दुकानांतून सगळी गल्ली ठणठण वाजते. एका दुकानात आलूबोंडा खाल्ला, बाहेर उभं राहून, चांगला होता. स्टेशनावर कोळशाचे डबे लावणारं इंजन सापडलं आणि तिथे पुन्हा वेळ गेला. तिथल्या टपरीवर चहा काचेच्या गिलासात मिळतो आणि कोणी काही विचारत नाही, ध्यानात ठेवा.

स्थळाचं, म्हणजे नामदेवचं, घर गावाच्या टोकाला. हा मुलगा राजूरच्या चुनाभट्टीवर कामाला, सायकलनं जातो-येतो. आठवडी बाजाराच्या दिवशी त्याला सुट्टी, म्हणून मी तोच दिवस धरला होता. त्याच्या आईनं चून-भाकर, म्हणजे पिठलं-भाकरी, वाढली, वर मिरचीचा ठेचा. जेवण झाल्यावर मी मुद्दाम गल्लीच्या तोंडाशी नळावर जाऊन उभा राहिलो. ज्याची बादली आधी त्याचं पाणी आधी. दोघी बाया भांडल्या, पण नंबरावरून भांडल्या. इतकं बरं वाटलं की तिथूनच घरी पळावंसं झालं.

"चाला, चाय घेऊ," नामदेव म्हणाला.

बाजारातल्या ज्या हॉटेलात तो घेऊन गेला ते माझ्या ओळखीचं. जत्रेत दरसाल मी तिथेच चहा प्यायचो. गल्ल्यावरच्या म्हाताऱ्या मालकानं मान वर केली.

"आला का?"

"आलो," म्हणून नामदेव आतल्या बाकड्यावर बसला. "काका, दोन चाय. गिलासात."

"तुले माईत हाये कशात भेटते ते." मालकानं हनुवटीनं बाहेर दाखवलं. मोरीजवळच्या कोनाड्यात कान तुटलेले कप ठेवले होते. ज्याचा त्यानं विसळायचा, बाहेर बसून प्यायचा.

माझ्या तोंडून निघालं, "काका, जत्रेत म्या अठीच चाय पेलो. गिलासात."

"जत्रेत हजार मानूस येते, बापा. कोन कोनाचा, मी कायले इचारू?"

"मंग आता काहून इचारता?"

"आता टाइम हाये."

कोपऱ्यातला एक अडत्या हसला. "काका, द्या न एकदाचा. दर बाजाराले बाकडं अडून राह्यते तुमचं."

"तू आपली चाय पे," मालक म्हणाला. मग माझ्याकडे पाहून, "आता दोघं झाले."

नामदेव जागचा हलला नाही. नुसता बसला. चहा निवायला जितका वेळ लागतो तितका वेळ आम्ही चहाशिवाय बसलो. मग तो उठला, "येतो, काका," म्हणाला आणि बाहेर पडला.

रस्त्यात त्यानं सांगितलं. दर बाजाराला तो असाच येतो. पहिल्यांदा शिव्या बसल्या, दुसऱ्यांदा बाकड्यावर पाणी ओतलं, आता नुसतं आला का म्हणतात. गल्लीतली बाकीची पोरं आपापल्या सुट्टीला येतात.

"कायदा हाये न आता," मी म्हणालो. "केस कर."

"केस केली तर साहेबासमोर काका एक दिवस देईन गिलासात. मले रोजचा पाहिजे."

रात्र त्यांच्याकडे काढून सकाळच्या गाडीनं निघालो. या खेपेला मध्ये कुठे उतरलो नाही.

तर जत्रेशिवाय वणीला जावं का? मी म्हणेन, जावं. पाळण्यातून गाव सगळ्यांना सारखंच दिसतं. आडदिवशी गावाला तुमच्यासाठी वेळ असतो, आणि त्या वेळेचं ते काय करतं हे पाहण्यासारखं आहे. नळ पाहा, जिनिंग पाहा, इंजन पाहा. चहाचं मी सांगितलंच.

घरी पोचलो तेव्हा सुमन अंगणात तूर पाखडत होती. मायनं दारातून मला खूण केली की जपून बोल. मी नळाचं सांगितलं, मग कपाचंही सांगितलं. माय कपाळाला हात लावून बसली. म्हणाली, "हे सांगाचं होतं काय?"

सुमननं सूप खाली ठेवलं. "तो रागानं बोलला का त्या काकाले?"

"नाई. येतो म्हनाला."

"पुढच्या बाजाराले तो जाईन का?"

"जाईन म्हनून राह्यला."

तिनं सुपातला एक खडा वेचून टाकला. मग विचारलं, "त्या बाकड्यावर बाया बसतेत का?"

"म्या तं नाई पाह्यल्या."

"बरं," ती म्हणाली, आणि आत बापाला हाक मारली, "बाबा, त्याहीले हो म्हनून निरोप धाडा."