वाढलेली पोत

माझ्या वहिनीच्या गळ्यावर रेडिएशनचे तीस शेक झाले. शेवटचा शेक झाला तेव्हा तिच्या लेकीच्या लग्नाला सात आठवडे उरले होते. कानाखालून मानेच्या बुडापर्यंत कातडी करपल्यासारखी काळवंडली होती. डॉक्टरांनी सांगितलं, ती नीट भरून आली की मऊ सुती काही चालेल. धातू नको, घासणारं नको, आणि लाल दिसलं की लगेच काढायचं.

मंगळसूत्र पहिल्या शेकाआधीच देव्हाऱ्यातल्या डबीत गेलं होतं. तेवढं तिनं सोसलं. पण कन्यादानाला रिकाम्या गळ्याने बसायला ती तयार नव्हती. "चुलत जाऊबाई बसतील," असं तिनं माझ्या भावाला सांगून टाकलं.  मला हे पटलं नाही आणि मी तसं तिला म्हटलंही. ती म्हणाली, "वन्सं, गळा तुमचा असता तर ऐकलं असतं तुमचं." एरवी ती मला अगं-तुगं करते. 'वन्सं' म्हणाली की विषय संपला असं समजायचं.

मी नोकरी सांभाळून बरीच वर्षं क्रोशाच्या लेसचे दागिने करते. डोंबिवलीतल्या आमच्या घरी एक कपाट दोऱ्यांचंच आहे. म्हणून मी तिला म्हटलं की काळ्या मण्यांची सुती पोत करून देते. ती हो म्हणाली, पण फारशी आशा न धरता.

क्रोशाच्या दोऱ्याला नंबर असतो. नंबर जितका मोठा, तितका दोरा बारीक. मी साठ नंबरचा काळा घेतला, कारण त्याची लेस नाजूक दिसते. चौदा दिवसांत पोत झाली. तोवर तिची कातडी भरून आली होती; मी पोत नौपाड्याला तिच्या घरी देऊन आले. दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला.

"अगं, तुझी पोत वाढली."

सुती लेस पहिल्यांदा अंगावर घातली की थोडी ताणते, हे मला माहीत होतं. मी विचारलं, "किती? पाव इंच?"

 ती म्हणाली, "एकीच्या दोन झाल्या. अजून किती वाढायला हवी होती?" आणि हसली. शेक सुरू झाल्यापासून तिचं हसणं मी ऐकलं नव्हतं. आवाज घोगरा होता.

मंगळसूत्र तुटलं असं आपल्यात म्हणत नाहीत, वाढलं म्हणतात. हे मला लहानपणापासून ठाऊक आहे. पण माझ्या कामात वाढतात ते टाके, आणि मी तोच हिशेब करत बसले. मला हसू आलं नाही. पुढे ती हळूच म्हणाली, "आता नको करूस दुसरी. हे लक्षण बरं नाही."

मी त्याच संध्याकाळी गेले. दोन्ही तुकडे भिंगाखाली धरले. दोरा मण्याच्या भोकापाशी कापला गेला होता. काचेची कड आतून धारदार होती. तिच्या मानेवर एक बारीक लाल रेघही उठली होती. बारीक दोरा कातडीत रुततो, हे मला कळायला हवं होतं.

मी म्हटलं, "लक्षण वगैरे काही नाही. मण्याची कड आहे. आणि दोन्ही चुका माझ्या आहेत. मी दिसण्याकडे पाहिलं."

ती म्हणाली, "चूक कबूल केलीस? तुझ्या दादाला बोलाव, त्यालाही ऐकू दे."

दुसऱ्या पोतीला मी वीस नंबरचा दोरा घेतला, तोही बिनरंगाचा मोतिया. काळ्या दोऱ्याचा रंग घामाने उतरतो; मी तो ओल्या रुमालावर घासून पाहिला होता. बोटभर रुंदीची सपाट पट्टी विणली, म्हणजे भार एका रेघेवर येत नाही. एकशे अठरा मणी घेतले, प्रत्येकातून दोरा दहा वेळा ओढला आणि ज्यांच्यामुळे दोऱ्याचे तंतू उठले ते एक्केचाळीस बाजूला काढले. उरलेले फक्त पुढच्या कडेला ओवले, जिथे ते गळ्याशी घेतलेल्या पदरावर टेकतात. सोन्याच्या दोन वाट्याही तिथेच. आकडा न लावता दोऱ्याचंच बटण केलं आणि ते डावीकडे घेतलं, कारण उजवी बाजू जास्त भाजलेली होती. तीनदा धुऊन तीन दिवस ती मी स्वतः घातली, गॅससमोर उभं राहूनसुद्धा.

मापाची अडचण राहिली. पट्टी सैल असली की घासते, घट्ट असली की वळ उठतो. आत एक बोट जावं, एवढंच अंतर हवं. पण तिला धड गिळवत नव्हतं आणि ती उतरत चालली होती, म्हणून मी दर रविवारी तिच्या मानेचं बुड मोजत होते. सव्वाचौदा इंच. मग चौदा. मग पावणेचौदा.

तिसऱ्या रविवारी तिनं विचारलं, "गळा कमी झाला ना?"

"अर्धा इंच," मी म्हटलं. मापाच्या बाबतीत मला खोटं बोलता येत नाही.

"लिहून नको ठेवूस."

मी लिहिलं, पण शिसपेन्सिलीने. घरी येऊन चार ओळी उसवल्या. 

कन्यादानाला तीच बसली. पाटावर दोन तास दहा मिनिटं. मी मागे बसून तिच्या मानेकडे बघत होते. विधी मला फारसे आठवत नाहीत. नंतर खोलीत नेऊन बटण काढलं, उजेडात मान पाहिली, बोटाने दाबून पाहिली. रेघ नव्हती, लाली नव्हती. ती डोळे मिटून बसली होती. "झालं?" तिनं विचारलं. मी म्हटलं, "झालं."

दोन-अडीच महिन्यांनी तिचा फोन आला.

"अगं, वाढली."

या वेळी मी शहाणी झाले होते. "कुठे तुटली?" मी विचारलं.

"जीभ आवर. पोत शाबूत आहे. आता पोळी गिळवते, अंग भरतंय. गळा वाढलाय, बोट आत जात नाही."

"किती?"

"तूच येऊन मोज."

रविवारी गेले. चौदा इंच भरला. दोनदा मोजला. घरी येऊन दोन ओळी वाढवल्या, आणि पेन्सिलीच्या तीन आकड्यांखाली हा चौथा पेनाने लिहिला.