गोधडीवरची दहा मिनिटं

माझी मुलगी तीन महिन्यांची झाली होती. रोह्याजवळच्या वरसेतल्या घरात सकाळी तिला आंघोळ घालून मी टबातून उचलायला वाकले आणि कमरेत काहीतरी धरलं. वर येता येईना, खाली बसता येईना. हातात साबणानं निसरडं झालेलं बाळ. ते हातातून सुटतंय असं मला क्षणभर स्पष्ट जाणवलं. मी तिला छातीशी दाबून तशीच गुडघ्यांवर बसले आणि सासूबाईंना हाक मारली. त्या त्यांच्या नेहमीच्या संथ चालीनं, भिंतीला हात लावत आल्या. त्यांनी बाळ घेतलं, पंच्यात गुंडाळलं आणि बाहेर नेलं. मी बाथरूमच्या ओल्या फरशीवर बराच वेळ बसून होते. दुखण्यापेक्षा लाज जास्त वाटत होती.

लाज वाटायला कारण होतं. पेणला कॉलेजात असताना मी कबड्डी खेळायचे. डाव्या कोपऱ्यात उभी राहायचे. माझ्याहून वजनदार मुलीचा घोटा एकदा धरला की सुटत नसे. लग्न होऊन रोह्याला आल्यावर खेळ संपला, पण अंगात ताकद आहे हा विश्वास तसाच होता. बाळंतपण पेणला माहेरी झालं. साधंच झालं, पण फार वेळ लागला आणि टाके पडले. सव्वा महिना आईनं शेक, मालिश, डिंकाचे लाडू सगळं रीतसर केलं. मी मात्र दिवस मोजत होते. दुसरा महिना लागल्यावर खोलीचं दार लोटून मी मोबाइलवरचे व्हिडिओ बघत पोटाचे व्यायाम सुरू केले. पाठीवर झोपून उठायचं, पुन्हा झोपायचं. रोज पन्नास वेळा. पोटाच्या मधोमध एक उंचवटा वर येतो हे मला दिसत होतं. ती चरबी आहे असं समजून मी पन्नासाचे साठ केले.

आणखी एक गोष्ट होती, ती मी आईलाही सांगितली नव्हती. शिंक आली, खोकला आला, बाळाला घेऊन पटकन उठले, की कपडे ओले व्हायचे. मी दिवसातून दोन-तीनदा ते गुपचूप बदलायचे आणि बाळानं ओले केले म्हणून बादलीत टाकायचे.

टबाच्या प्रसंगानंतर आठवड्याभरातच मुलीचा डोस होता. तो पेणलाच द्यायचा ठरला होता, कारण बाळंतपण केलेल्या डॉक्टर तिथेच होत्या. डोस झाल्यावर मी निघता निघता थांबले आणि दोन्ही गोष्टी एका दमात सांगून टाकल्या. डॉक्टरांना त्यात काही विशेष वाटलं नाही. त्यांनी मला एका फिजिओथेरपिस्टकडे पाठवलं.

ती माझ्यापेक्षा वयानं लहान होती. तिनं मला झोपवलं, मान थोडी उचलायला सांगितली आणि बेंबीच्या वर बोटं टेकवली. पोटाच्या स्नायूंमध्ये मधोमध जवळजवळ तीन बोटांची फट पडली होती. मी काय व्यायाम करते ते तिनं विचारलं. मी सांगितलं. ती रागावली नाही, फक्त म्हणाली, "ते आजपासून बंद. तुम्ही फट रुंद करत होतात."

मग तिनं जे शिकवलं त्याला व्यायाम म्हणायला मी तयार नव्हते. पाठीवर झोपायचं, गुडघे वाकवायचे, श्वास सोडताना लघवी रोखल्यासारखं खालून आत ओढायचं आणि पाच आकडे धरून ठेवायचं. मग कंबर हळूच उचलायची. दहा मिनिटं, दिवसातून तीनदा. मैदानाला धावत फेऱ्या मारलेल्या मला हे म्हाताऱ्या माणसांचं वाटलं. पण पाचपर्यंतही मला धरता येत नव्हतं. तीनलाच सुटत होतं. तिथे त्या पलंगावर पडल्या पडल्या मला रडू आलं. मुलगी शेजारी आईच्या मांडीवर शांत झोपली होती.

दहा मिनिटं तीनदा हे ऐकायला थोडं वाटतं. वरसेला परत आल्यावर कळलं की ती सापडत नाहीत. मुलगी सकाळी वीस मिनिटं झोपायची, तेवढ्यात कपडे, डबा, केर. नवरा धाटावला कंपनीत शिफ्टमध्ये. रात्रपाळी असली की तो दिवसा आतल्या खोलीत झोपलेला, त्यामुळे बाहेरच्या खोलीत आवाज करायचा नाही. पहिले आठ-दहा दिवस माझी एकही वेळ पूर्ण झाली नाही. मग मी वेगळी वेळ शोधणं सोडलं. मुलीला पालथं पडायला गोधडीवर ठेवायचं असे, तेव्हा मी तिच्या शेजारी आडवी व्हायचे. ती मान उचलायची, मी कंबर उचलायचे. ती दमून तोंड खाली टेकवायची, तेव्हा मीही थांबायचे. दूध तापेपर्यंत गॅसपाशी उभ्यानं. तिला दूध पाजताना बसल्या बसल्या. जिने चढताना श्वास सोडत.

सासूबाई बघत होत्या. त्या आतल्या गावातल्या, भात आणि वालाची शेती केलेल्या. सासरे गेल्यावर आमच्याकडे राहायला आल्या होत्या. बोलायच्या कमी. कुठे चला म्हटलं तर नाही म्हणायच्या. लग्नाला गेल्या तरी दाराजवळची खुर्ची धरून बसायच्या. नदीकाठी फिरायला जाऊ म्हटलं तर, पाय दुखतात. मी त्याला मनातल्या मनात आळस म्हणत असे, कधी रुसवा म्हणत असे.

एकदा दुपारी मी गोधडीवर डोळे मिटून श्वास मोजत होते. त्या स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून म्हणाल्या, की आमच्या वेळी बाळंतिणीला असं भरदिवसा लोळायला सवड नव्हती. आवाज चढलेला नव्हता. पण मी आदल्या रात्री नीट झोपले नव्हते. मी उठून बसले आणि इतके महिने कुणालाच न सांगितलेलं त्यांना सांगितलं.

"आई, मला शिंक आली तरी कपडे ओले होतात. रोज. म्हणून करते हे."

त्या आत गेल्या. भांड्यांचा आवाजही आला नाही. मला वाटलं, आता या चार दिवस अबोला धरणार.

दोन दिवसांनी गावाहून वालाच्या शेंगा आल्या. आम्ही दोघी परातीत शेंगा सोलत बसलो होतो, मुलगी माझ्या मांडीवर. नवरा पहिल्या शिफ्टला गेलेला. सासूबाई शेंगेकडे बघतच बोलायला लागल्या. माझ्या नवऱ्याचा जन्म भातकापणीतला. घरात दुसरं बाईमाणूस नव्हतं. पंधराव्या दिवशी त्या शेतावर गेल्या आणि भाताचे भारे डोक्यावर घेऊन खळ्यावर आणू लागल्या. तिसऱ्या की चौथ्या दिवशी, भारा उचलताना, पोटात काहीतरी खाली सरकल्यासारखं झालं.

"अंग बाहेर आलं माझं," त्या म्हणाल्या. "तवापास्नं हाय ते तसंच हाय."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. गर्भाशय खाली उतरलं होतं आणि एकतीस वर्षं तसंच होतं. त्या जुन्या लुगड्याचा कपडा घट्ट बांधत. सासऱ्यांना ठाऊक होतं, पण दोघं त्यावर कधी बोलले नाहीत. लावणी, कापणी, पाण्याचे हंडे, सगळं तसंच बांधून झालं. दाराजवळची खुर्ची का, नदीकाठ का नको, भिंतीला हात लावून का चालायचं, हे सगळं एकेक करून माझ्या समोर आलं. मी त्यांना आळशी म्हटलं होतं, मनात का होईना. मी शेंगा खाली ठेवल्या. त्या पुढे म्हणाल्या, "तू करतंस ते कर गो. सोडू नको."

डॉक्टरकडे चला म्हणून मी त्यांच्या मागे लागले. त्या नाही म्हणत राहिल्या. या वयात कुणापुढे झोपायचं नाही, आणि पोराला कळता कामा नये. शेवटी तयार झाल्या त्या एका अटीवर. मुलाला सांगायचं की बाळाला दाखवायला पेणला जातोय. मला ते खोटं आवडलं नाही, पण मी बोलले.

दवाखान्यात त्या आत गेल्या आणि मी मुलीला खांद्यावर घेऊन बाहेर येरझाऱ्या घालत होते. बराच वेळ झाला. मग डॉक्टरांनी मला आत बोलावलं. व्यायामानं आता हे वर जाणार नाही, हे त्यांनी सरळ सांगितलं. ऑपरेशन करता येईल. तोवर आधाराला आत रिंग बसवता येते, ती त्यांनी बसवली होती. व्यायाम तरीही करायचा, उरलेल्या स्नायूंना बळ यावं म्हणून. सासूबाई पदर सावरत शेजारी उभ्या होत्या, शाळेत उभं केल्यासारख्या.

परतताना वडखळला रिक्षा गाड्यांच्या रांगेत अडकली. मुलगी झोपली होती. सासूबाई बाहेर बघत होत्या. मग म्हणाल्या, "येवढंच व्हतं? येवढ्यासाठी मी येवढी वर्षं काढली?"

त्या रडल्या नाहीत. मी त्यांचा हात धरला. त्यांनी तो धरू दिला, नागोठणं येईपर्यंत.

त्यानंतर दुपारी गोधडीवर आम्ही तिघी असायचो. मुलगी मध्ये, आम्ही दोघी दोन बाजूंना. आकडे मी मोजायचे. काही दिवस होत असे, काही दिवस नाही. मुलीला ताप आला तेव्हा सबंध आठवडा बुडाला. सहा महिन्यांनी माझ्या पोटाची फट एका बोटावर आली. शिंक आली तरी आता सहसा काही होत नाही. कबड्डी मात्र पुन्हा खेळले नाही. फिजिओथेरपिस्ट म्हणाली होती की वर्षभरानं बघू. वर्ष झालं, दीड झालं. मीच गेले नाही.

सासूबाईंचं ऑपरेशन थंडीत झालं. त्याआधी नवऱ्याला सांगावंच लागलं. ते मी सांगितलं. तो उठून आईच्या खोलीत गेला. मला का नाही सांगितलंस, एवढंच त्यानं विचारलं. त्यांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. आपल्या जन्मापासूनचं हे आहे, हे त्याला लागलं असावं. तेव्हापासून पहिली शिफ्ट करून आला की तो मुलीला घेतो आणि आम्ही दोघी कुंडलिका नदीच्या काठानं चालून येतो. मी कधीच त्याला तसं सांगितलं नव्हतं.

गेल्या महिन्यात गावी नात्यातल्या एका मुलीच्या बाळाचं बारसं होतं. घरात पाहुणे, धावपळ. ती बाळंतीणच मागच्या दारानं पाण्याचा हंडा उचलून आणत होती. कुणाचं लक्ष नव्हतं. सासूबाई उठल्या, तिच्या हातातला हंडा खाली ठेवायला लावला आणि सगळ्या बायकांसमोर म्हणाल्या, "सव्वा महिना काय उचलायचं नाय. मी उचललं, माझं अंग बाहेर आलं."

ओसरीवर कुणीतरी लगेच विषय बदलला. बाळाला पाळण्यात घातलं, नाव ठेवलं, घुगऱ्या वाटल्या. जेवणं झाल्यावर मी मागच्या पडवीत गेले, तर सासूबाईंच्या जवळ दोघी बायका बसल्या होत्या, त्यातली एक त्यांच्याच वयाची. तिघी हळू आवाजात बोलत होत्या. मला बघून त्या थांबल्या. मी आत निघून आले.

घरी येताना गाडीत त्यांनी मला विचारलं, "वायट बोलले काय गो मी, शुभकार्यात?"

मी नाही म्हटलं. मुलगी त्यांच्या मांडीवर उभी राहायला धडपडत होती, तिला त्यांनी दोन्ही हातांनी घट्ट धरलं.