मधोमध लाल खुर्ची

धुळ्याच्या संघपाल सोनवणेची उमेदीची वर्षं लग्नांचे फोटो काढण्यात गेली. हळदीपासून पाठवणीपर्यंत तो लोकांच्या देवघरापर्यंत बिनधास्त हिंडायचा. तिथं जात कुणी विचारत नाही, कामापुरता मामा. पण त्या झगमगाटाला तो विटला होता. त्याला घरांचे फोटो काढायचे होते. नाशिकच्या एका आर्किटेक्टनं नरडाण्याजवळचं नवं घर त्याच्यावर सोपवलं, तेव्हा त्याला आभाळ ठेंगणं झालं. हे फोटो जमले तर पुढची सगळी घरं त्याचीच, असा शब्द होता.

घर उघड्या काँक्रीटचं. गिलावा नाही, रंग नाही. "आत एकही भिंत नाही," मालक हितेंद्र येता-जाता सांगत होता. बैठक, जेवणाचं टेबल, स्वयंपाकाचा ओटा, त्यालगतचा देव्हारा, सगळं एकाच दालनात.

संघपाल कॅमेरा घेऊन ओट्याकडे निघाला, तशी हितेंद्रची आई शेवंताबाई आडवी आली.

"आडनाव काय शे रे तुन्हं?"

"सोनवणे."

सोनवणे सगळ्या जातींत सापडतात. म्हातारीचं समाधान झालं नाही. "गाव कोनतं? गावमा कोनती गल्ली?"

हे प्रश्न संघपालला पाठ होते. त्याच्या मस्तकात तिडीक गेली. "बुद्धविहाराची, अक्का. विहाराला लागूनच घर आहे."

अक्कांनी अंगणातली लाल प्लास्टिकची खुर्ची आणली आणि ओट्याच्या अलीकडे आडवी ठेवली. "याना पुढे मना देव शेतस. येवू नको."

हितेंद्रनं मोबाईलमध्ये डोकं खुपसलं.

"निदान खुर्ची तरी बाजूला..." संघपाल म्हणू लागला.

"खुर्चीले हात लावू नको!"

"नाही लावत," संघपाल म्हणाला. त्यानं स्टँड तिथंच रोवला, ऊन ओट्यावर येईपर्यंत थांबला आणि आजवर काढला नव्हता इतका देखणा फोटो काढला. मधोमध लाल खुर्ची.

पुढच्या आठवड्यात हितेंद्र स्टुडिओत आला. "फोटो झकास! आर्किटेक्टसुद्धा खूश. फक्त ती खुर्ची तेवढी कम्प्युटरवर पुसून टाका. मिनिटाचं काम."

मिनिटाचंच होतं. पुढची सगळी घरं त्या मिनिटावर अडली होती, हे संघपालला कळत होतं. पण मोबाईलमध्ये खुपसलेलं ते डोकंही त्याच्या डोळ्यांपुढून हलेना.

"माझा हात त्या खुर्चीला चालत नाही," तो म्हणाला. "अक्कांना उचलू द्या. त्यांनी उचलली की मी परत येतो."

हितेंद्र तणतणत निघून गेला. आर्किटेक्टचा फोन पुन्हा आला नाही, आणि संघपाल पुन्हा हळदी-लग्नांना जाऊ लागला. तो फोटो मात्र त्यानं मोठा करून स्टुडिओच्या दारात लावला. खाली ठळक अक्षरांत लिहिलं: 'आत एकही भिंत नाही.'