घुम्याच्या ट्रॅकवरचा शेवटचा हात

घुम्याला हे नाव प्रेस शॉपमध्ये पडलं. पत्रा कापणाऱ्या पॉवर प्रेसवर तो उभा असायचा, आणि त्याच्या तोंडून अख्खं वाक्य बाहेर पडलं की शेजारचे म्हणायचे, "आज काय, बोनस मिळाला का?" घरी आला की मागच्या खोलीत बसायचा. तिथे एका टेबलावर त्याची यंत्रं होती, वायरींचा गुंता होता, आणि भिंतींना जुन्या गाद्या ठोकलेल्या होत्या. त्या खोलीत तो टेक्नो, म्हणजे यंत्रांवर वाजणारं ठोक्याचं नाचाचं संगीत, बनवायचा.

वायरमन इमारतींमध्ये वायरिंगची कामं करायचा आणि तोही टेक्नो बनवायचा. शॉपमधलं जळालेलं पॅनल बदलायला तो आला होता. प्रेसच्या ठोक्यावर त्याचा पाय आपोआप हलत होता. घुम्याने ते पाहिलं.

"तू पण?"

"मी पण," वायरमन म्हणाला.

मैत्री जमायला एवढं पुरलं.

वायरमन हाताने चलाख. एका बैठकीत ट्रॅक उरकायचा आणि स्वतःवर खूश असायचा. घुम्याचं तसं नव्हतं. तो एकेका ठोक्यावर आठवडे घालवायचा. ठोका अंगात शिरला पाहिजे, पण छातीवर बसता कामा नये. पसंत पडला नाही तर "हा ठोका कामचोर आहे" म्हणायचा आणि पुसून टाकायचा. वायरमनचा जीव कळवळायचा. "अरे, तुझ्या भंगारावर माझं दुकान चालेल," तो म्हणायचा. घुम्या ऐकून न ऐकल्यासारखं करायचा आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचा. ते पाहून पाहून वायरमनही सुधारला. उरकलेलं काम त्याला स्वतःलाच खुपू लागलं. आपल्यात जे काही बरं आहे ते ह्या माणसाकडून आलं, हे तो कुणालाही सांगायचा. घुम्याला सोडून.

एका गोष्टीत मात्र वायरमनचा हात वरचढ होता. ट्रॅक तयार झाला की मोठ्या हॉलच्या स्पीकरवर तो नीट वाजावा म्हणून खालचा आणि वरचा आवाज तोलून घ्यावा लागतो. हा शेवटचा हात घुम्या त्याच्याकडून फिरवून घ्यायचा. दुसऱ्या कुणाला त्याने फाइलला हात लावू दिला नसता.

आणि एकदा घुम्याने दिलेला ट्रॅक वायरमनने लावला, तर त्याने दचकून हेडफोनच काढले. ठोका नेहमीसारखाच, देखणा. पण त्यावरची हाय-हॅट, झांजेसारखी च्याक-च्याक वाजणारी, ती कानात सुयांसारखी टोचत होती. वायरमनला वाटलं, चुकून झालं असेल. त्याने ट्रेबल, म्हणजे वरचा आवाज, उतरवला आणि गप्प राहिला. पुढचा ट्रॅक त्याहून टोचरा निघाला. त्याच्या पुढचा आणखी.

वहिनी, म्हणजे घुम्याची बायको, एकदा दारातच म्हणाली, "भाऊजी, बेल दाबून काही उपयोग नाही. मी घरात नसले तर दारावर हाणा. ह्यांना बेल ऐकू येत नाही हल्ली."

तेव्हा वायरमनच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. बारीक, उंच आवाज घुम्याच्या कानातून निघून गेले होते. प्रेसच्या धडाक्यात उभं आयुष्य गेलेलं, आणि कानात बोळे घालायला तो कधी तयार झाला नव्हता. बोळे घातले तर प्रेस कुठे कुरकुरतेय ते कळत नाही, असं त्याचं म्हणणं. आता जे ऐकू येत नव्हतं ते यावं म्हणून तो वाढवत होता, आणि ऐकणाऱ्यांचे कान फुटायची वेळ येत होती.

सांगायला हवं होतं. वायरमन दर वेळी ठरवून जायचा आणि चहा पिऊन परत यायचा. ठोक्याचं कौतुक करायचा, ते खरंच असायचं. मग घरी येऊन सुया एकेक करून काढायचा. त्यावर तो आता घुम्यासारखाच झिजून काम करायचा, कुणाला पत्ता लागू नये इतकं सफाईने. ट्रॅक हॉलमध्ये वाजायचे, लोक नाचायचे, घुम्याचं नाव व्हायचं.

"तुझ्याकडून आलं की जरा झोपल्यासारखं वाटतं," घुम्या एकदा म्हणाला. "पण लोकांना चालतं म्हणजे ठीकच असेल."

वायरमन हसला.

नाव झालं म्हणून घुम्याला बोलावणं आलं. हॉलमध्ये स्वतःची यंत्रं घेऊन, लोकांसमोर वाजवायचं. मध्ये फाइल नाही, वायरमनचा हात नाही. आता तरी बोल, असं वायरमन स्वतःला रोज सांगत होता. सांगता सांगता तो दिवस उजाडला.

दुपारी रिकाम्या हॉलमध्ये साउंड चेक होता. मिक्सरवर एक बाई होती, सगळे तिला साउंडवाली म्हणायचे. घुम्याने सुरू केलं तशी तिने दोन्ही कानांवर हात ठेवले.

"ओ काका! लोकांना नाचवायचंय की पळवून लावायचंय? वरचं उतरवा."

"तुमचे स्पीकर मंद आहेत," घुम्या म्हणाला. "वरचं ऐकूच येत नाहीये."

"ऐकू येत नाही? माझे दात शिवशिवायला लागलेत!"

घुम्या वायरमनकडे वळला. "हिला सांग रे. तू माझे सगळे ट्रॅक ऐकलेत."

वायरमनने जमिनीवरची एक वायर उगाच सरळ केली. मग म्हणाला, "ती म्हणते ते बरोबर आहे."

"आजचं?"

"आजचं, आणि आधीचं पण. मी घरी उतरवत होतो."

"किती ट्रॅकचं?"

"बऱ्याच."

साउंडवालीला काय समजायचं ते समजलं. तिने मिक्सरवरचा आवाज बंद केला.

घुम्याने यंत्राच्या बटणांवरचे हात काढले. त्याचा आवाज चढला नाही. "कान माझे गेले," तो म्हणाला, "त्यात तुझा काय दोष. पण तू मला खोटं काम करू दिलंस. लोक माझ्या नावाने नाचले आणि घाम तुझा होता. मी घरी बसून समजत होतो, जमतंय."

"जमतच होतं. ठोका तर तुझाच..."

"गप."

एवढ्या वर्षांत घुम्याने वायरमनला गप बसायला कधी सांगितलं नव्हतं. तशी वेळच आली नव्हती.

"आता ट्रेबल मी धरते की," साउंडवाली जरा नरमाईने म्हणाली. "तुम्ही वाजवा, मी सांभाळून घेते. कुणाला कळणार नाही."

"कुणाला कळणार नाही, हेच तर आत्तापर्यंत चाललं होतं," घुम्या म्हणाला. "मला जे ऐकू येत नाही ते मी वाजवणार नाही." आणि तो बसला आणि हाय-हॅट काढू लागला. एकेका ट्रॅकमधून, सगळ्याच्या सगळ्या. वायरमन मदतीला पुढे झाला, तेव्हा त्याने वर न पाहता हात आडवा केला.

संध्याकाळी हॉल भरला. घुम्याने नुसते ठोके वाजवले आणि त्यांच्याखाली घुमणारा बेस. वरती काही नव्हतं. छप्पर नसलेल्या घरासारखं ते वाटत होतं. लोक आधी बावचळले. काही बाहेर गेले. जे राहिले ते हळूहळू, जड पावलांनी हलू लागले. वायरमन खांबाला टेकून ऐकत होता. हे चांगलं आहे की वाईट, हे त्याला कळेना. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच घुम्याच्या कामात त्याचा हात नव्हता.

संपल्यावर दोघांनी यंत्रांची पेटी उचलली आणि टेंपोपर्यंत नेली. घुम्याने पेटी उचलू दिली, एवढ्यावरच वायरमनला जरा बरं वाटलं.

"उद्या कानाच्या डॉक्टरकडे चल," तो म्हणाला. "मी सुट्टी टाकतो."

"जाणार आहे. तुझी वहिनी येतेय."

"मी पण येतो."

घुम्याने टेंपोचं फाळकं लावलं, कडी घातली, ती ओढून पाहिली.

"तिथे काचेच्या खोलीत बसवतात. आवाज आला की बटण दाबायचं असतं," तो म्हणाला. "तू नको येऊस. तू बाहेरून मला खुणावशील."

नाही खुणावणार, असं म्हणायला वायरमनने तोंड उघडलं. पण त्याची खात्री त्याची त्यालाच नव्हती.