गुलाब घोडीची संक्रांत

घोड्यांविषयी मला सगळे ठाऊक होते, कारण मी अधूनमधून टांग्यात बसत असे. ठाण्याच्या कचेरीतल्या नव्या कारकुनाला एवढे ज्ञान पुरते. पहिल्या संक्रांतीला बाळकुमला सासुरवाडीस गेलो, तेव्हा हे मी सासऱ्यांना सांगूनही टाकले. (विचारले कोणी नव्हते.)

त्या पौषात खाडीवरून असा गार वारा सुटला होता की तोंड उघडले की आधी दातच बोलायचे. सासऱ्यांची लहानशी वाडी होती आणि तबेल्यात दोन जनावरे: म्हातारा राजा आणि गुलाब घोडी. ठाणे स्टेशनला जाणारा सासऱ्यांचा टांगा गुलाबच्याच जिवावर चाले. तिला थंडी बाधली होती आणि तिने दाणा टाकला होता. तिच्या वाटणीचेही राजाच खात होता, आणि त्याची तब्येत उत्तम होती.

"जावईबापू, तुम्ही घोड्यांतले जाणकार," सासरे म्हणाले. "बघा जरा. ही गेली तर आमचं घर बसलं."

तबेल्यात पाहतो तो सासूबाईंनी सगळा बंदोबस्त केलेला. दाराला गोणपाटाचे पडदे, कोपऱ्यात गोवऱ्यांची धग, गुलाबच्या अंगावर घरातली सर्वांत जाड गोधडी. (मला पातळ का मिळाली होती, ते तेव्हा कळले.) पेंढ्याचा बोळा करून त्या तिचे पाय चोळत होत्या. अशी सेवा मी माणसाचीही कुणी केलेली पाहिली नव्हती.

सासूबाई जावयाशी बोलत नसत. रीतच तशी. पण गप्प बसणेही त्यांच्या स्वभावात नव्हते, म्हणून त्या माझ्याशी घोडीमार्फत बोलत.

"गुलाबबाई, पाहुण्यांना सांगा, मागे उभं राहू नये. लाथ बसते."

मी पुढे आलो.

"आणि विचारा, औषध काय द्यावं."

"गूळ," मी ठामपणे म्हणालो.

"गुलाबबाई, सांगा त्यांना, गूळ तुम्ही कालच थुंकलात."

मग मी ओवा सुचवला. तोही देऊन झाला होता. त्यानंतर मी छप्पर पाहत राहिलो.

त्या थंडीचा फायदा झाला तो एकट्या हलव्याला. गारठा कडक असला की हलव्याला काटा झकास येतो. तबेला आणि शेगडी अशा खेपा घालत सासूबाईंनी असा हलवा केला होता की बोटाला टोचावा. त्याचे माझ्या बायकोला बांगड्या, बाजूबंद, बिंदी; आणि मला जाडजूड हार. तो गळ्यात पडला तेव्हा काटा हारालाही होता आणि मलाही.

हळदीकुंकवाला बायका जमू लागल्या. त्यांच्यापुढे असा नटून बसायची लाज वाटली, म्हणून "घोडीला पाहून येतो" असे सांगून मी सटकलो. गुलाबने मान उचलली. माझा हार हुंगला. मग कुर्रर्र असा आवाज आला.

मी ओरडून मागे सरणार, इतक्यात पडद्याआडून सासूबाई कडाडल्या, "हलू नका!"

लग्नानंतर त्या माझ्याशी थेट बोलल्या, ते हे पहिले शब्द. मी हललो नाही. गुलाब माझ्या गळ्यापाशी कुरकुर खात होती, मी रामनाम घेत होतो आणि सासूबाई डोळ्यांना पदर लावत होत्या.

हार संपला तोवर माझी बायको आली. तिने एका नजरेत सगळे ओळखले. पहिली संक्रांत, अंगावर काळी चंद्रकळा, गावच्या बायका दागिने पाहायला आलेल्या. आणि तिने बांगड्या उतरवून आईच्या हाती दिल्या.

"आई, चुरून कोंड्यात घाल. म्हणजे दाणाही जाईल पोटात."

मागोमाग बाजूबंद गेले, मग बिंदी. आपल्याला केवढ्या मनाची बायको मिळाली आहे, ते मला तबेल्यात कळले.

गुलाबने घमेले चाटूनपुसून साफ केले. बायकांनी हळदीकुंकू तबेल्याच्या दाराशी घेतले आणि नव्या नवरीऐवजी घोडीला पाहून गेल्या. काही दिवसांत टांगा पुन्हा स्टेशनला जाऊ लागला.

तेव्हापासून दर संक्रांतीला मला बाळकुमहून बोलावणे येते. गळ्यात हलव्याचा हार घालून मला मोठ्या मानाने तबेल्यात नेतात. असा थाट आमच्या पंचक्रोशीत दुसऱ्या कुठल्या जावयाचा नाही, असे मी कचेरीत सांगत असतो. सासूबाई पुढे होऊन पडदा बाजूला करतात आणि अजूनही माझ्याकडे न बघता म्हणतात,

"गुलाबबाई, उठा. तुमच्या हाराची खुंटी आली."